काना-मात्रेसकट

दार उघडलं तशी आधी वाऱ्याची थप्पड आत आली,
मागून रोझलीन डूसे, गिटारची पेटी पोटाशी धरून.
डोंगरावरून उतरणाऱ्या या वाऱ्याला शेटिकँपमध्ये आम्ही सुएत म्हणतो.
तो सुटला की लोक गाड्या भिंतीच्या आडोशाला लावतात
आणि माझ्या दुकानाची पाटी रात्रभर दात वाजवते.

"मी वाजवते," ती म्हणाली,
"आणि मी वाजवतेय हे कुणाला कळतच नाही.
दोन फिडल, एक पियानो,
लाकडी जमिनीवर ऐंशी जोडी बूट.
मागच्या शनिवारी तिसऱ्या नाचात मी मुद्दाम थांबले.
एकानंही मान वळवली नाही."

मी साठ वॅटचा पुढे ओढला.
काळा, नवा, अकराशे डॉलरचा.
तिनं तार छेडली आणि गिटार दुसऱ्याच कुणाचं झालं,
गुळगुळीत,
लग्नाच्या फोटोतल्या चेहऱ्यासारखं.
बटण आणखी फिरवलं तर पाचवी तार हंबरली, थांबेचना.
स्पीकरमधून निघालेलं गिटारच्या पोटात,
पोटातलं पुन्हा स्पीकरात.
"बाजूला वळ," मी ओरडलो, "त्याच्या तोंडासमोर उभी राहू नकोस!"

दुसरा बॅटरीवरचा, डब्याएवढा.
धक्क्यावर, जाळी सुकवताना ठीक आहे.
हॉलमध्ये तो म्हणजे
तोफेसमोर शिंक.

बघ, मी तिला सांगितलं,
पराचा कावळा करणारे ॲम्प ढिगानं मिळतात.
तुला हवा तो पर पराएवढाच ठेवून
शेवटच्या बाकापर्यंत नेऊन देणारा.
निरोप्या हवा,
काना-मात्रेचा फरक न करणारा.
हे मी सव्वीस वर्षं सांगतोय, सवयीनं, गल्ला मोजता मोजता.

मग कोपऱ्यातला तिसरा काढला.
तीस वॅट, जुना, एका दातांच्या डॉक्टरचा,
वरचं कापड उंदरानं कुरतडलेलं.
ती वाजवू लागली आणि मी
त्याच्या लाकडावर तळहात ठेवला.

"असं काय करताय?"

वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, म्हटलं.
सहा वर्षं झाली.
बायकोला ठाऊक आहे, आणि आता तुला.
खालचं हाताला कळतं.
वरचं तू सांग,
आणि खरं सांग, मला दुकान चालवायचंय.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
खेकड्यांच्या मोसमात दोर ओढून घट्टे पडलेली तिची बोटं
तारेवरून खाली सरकवली, पुन्हा वर.
"माझी बोटं घासतात ती कुरकुर येतेय," म्हणाली.
"नको असेल तर हे बटण. जाते."
"राहू द्या.
घरी त्या कुरकुरीवरनंच ओळखतात,
मी वाजवतेय की मोनिक."

दोनशे ऐंशी ठरले. उंदराचे वीस वजा करून.
वायर मी फुकट दिली,
आणि गिटारचं भोक बुजवायची रबरी चकती,
ती तिनं तशीच कोटाच्या खिशात टाकली,
विसरणार हे दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी मी नाचायला जात नाही, गुडघे.
तरी गेलो.
हॉल भरलेला, काचांवर वाफ, कुणाचंतरी पोर कोटांच्या ढिगावर झोपलेलं.
मला फिडल म्हणजे हलणारे हात फक्त,
पियानो अर्धा.
मी मागच्या भिंतीला पाठ आणि तळहात लावून उभा,
भिंत बुटांनी थरथरत होती,
आणि बुटांच्या खाली, बारीक, नेमकं,
आणखी काहीतरी चालू होतं.

तिसऱ्या नाचात
भिंतीतून ते गेलं.

मी मान वळवली.
रोझलीन हात तारांवर आडवा ठेवून थांबली होती,
ऐंशी जोडी बुटांवरून थेट माझ्याकडे बघत,
हसू दाबत.

पन्नास डॉलर यायचे आहेत अजून.